पऱ्हाटीचं स्पिरिट

नागपूर
१८ जानेवारी

प्रिय दिल्या,

फोन केला असता, पण फोनवर तू "सोड ना बे" म्हणून विषय संपवतोस. हा सुटण्यातला नाही, म्हणून पत्र. घरी सगळे बरे. आईची शुगर आटोक्यात, माझं बीपी गोळीवर. झालं.

भाऊजी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांपासून, स्पिरिट काढणार आहेत.

हस. हसून झालं की पुढे वाच. तीन एकर गहाण टाकून हिंगणघाटकडे शेड उभारून राहिले आणि कर्जाला जामीनदार मी. म्हणजे मी व्हावं असं त्यांचं म्हणणं. सोमवारी सही. ताई फोनवर एवढंच म्हणते, "करून टाक, घरात कटकट नको." तुला ताई माहीत आहे. ती असं म्हणते तेव्हा तिला स्वतःला पटलेलं नसतं.

वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात कुठल्याशा कंपनीची सभा झाली, जेवण फुकट. टाय लावलेल्या माणसाने सांगितलं की पऱ्हाटी कुटा, टाकीत भरा, वरून आमचं बुरशीचं औषध ओता. पंधरा दिवसांत साखर, साखरेचं स्पिरिट, स्पिरिट पेट्रोलवाले घेतील. भाऊजींनी तिथेच पहिला हप्ता मोजला. दारूबंदीच्या जिल्ह्यात भट्टी लावायची तर परवाने कोणाकोणाकडून लागतील, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. पनीर चांगलं होतं म्हणे.

माझा जीव कशाने जळतो सांगू? त्या माणसाचं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. पऱ्हाटीत साखर आहे का? आहे. ज्वारीच्या दाण्यात आणि कापसाच्या बोंडात ग्लुकोजच, फक्त जोड वेगळा. दाण्यातला आपल्या लाळेने सुटतो, बोंडातला गायीलाही पोटातल्या जंतूंच्या मदतीशिवाय सुटत नाही. बुरशी तो सोडवते का? सोडवते. सॉलोमन बेटांची गोष्टसुद्धा त्याने सांगितली! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेचे तंबू तिथे कुजले, त्या कापडावरची बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय, आणि आज कारखान्यांतली तिची बहुतेक सगळी वाणं त्याच एका नमुन्यातून निघालेली. बाबूजी सर हे सांगताना खडू तोंडात धरायचे, आठवतं? तेच आता भाऊजी मला सांगतात, सोफ्यावर बसून, आणि वर म्हणतात, "तू बँकेतला माणूस, तुले काय समजते त्यातलं?"

दोन वर्षं मी लॅबमध्ये त्या बुरशीच्या वासात झोपलो, दिल्या. (तुझा फ्लास्क मी हलवला नव्हता. शेकरवरून कोणी काढला ते गोल्याला विचार. तुझ्या लग्नातही तू हा विषय काढलास, वहिनी साक्षीदार आहेत.)

आता खालचं तुला पाठच आहे, पण रविवारी हेच भाऊजींपुढे बोलायचंय, म्हणून आधी तुझ्यासमोर बोलून पाहतो.

सभेत त्याने प्रयोग दाखवला. बाटलीत कागदाची पट्टी टाकली, द्रव ओतला, कोमट ठेवली, जेवणं होईतो पट्टी विरून गेली. टाळ्या. आपलीच फिल्टर पेपरची टेस्ट की नाही ही? व्हॉटमनची एक बाय सहा सेंटिमीटरची पट्टी, ५० अंशांवर एक तास, मग साखर दाखवणारं डीएनएस घालून उकळायचं, आणि पिवळ्याचं विटकरी झालं की तू शिट्टी मारायचास. पण ती पट्टी जवळपास नुसतं सेल्युलोज, म्हणजे बोंडातल्या त्याच ग्लुकोजच्या साखळ्या, असते, आणि पऱ्हाटी म्हणजे लाकूड. तिच्यातला पाचवा-चौथा हिस्सा लिग्निन, लाकडाला कडक करणारं, आणि लिग्निनला ट्रायकोडर्मा तोंड लावत नाही. सेल्युलोज त्याच्या आत, साखळीला साखळी इतकी घट्ट चिकटून की पाण्यालाही शिरायला फट नाही.

फट मिळाली तरी काम एकट्या एन्झाइमचं नाही, बुरशी साखळी तोडायला असे तीन-चार पदार्थ सोडते. एंडोग्लुकानेज साखळी मधेच, ढिली जागा बघून तोडतं. सेलोबायोहायड्रोलेज तुटलेलं टोक आपल्या बोगद्यात ओढतं आणि दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत सरकतं. २०११ मध्ये जपानी लोकांनी हे सरकणं सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं, तर पुढचा रेणू अडला की मागचे सगळे ठप्प. संध्याकाळी सहाचा व्हरायटी चौक. तिसरं बीटा-ग्लुकोसिडेज, दोनाचे एक-एक करणारं, आणि नेमकं तेच आपल्या रीसायमध्ये तोकडं. मग दोन ग्लुकोजचा तो तुकडा, सेलोबायोज, साचतं आणि मागच्यांचे हात बांधतं. म्हणून तर लोक ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून घालत आले. तांब्याचा अणू धरून साखळीला खाच पाडणारी एन्झाइमची ती चौथी जात तर २०१० नंतर कळली, आपल्या वेळी पुस्तकात नव्हतीच. नसता आणखी एक प्रश्न चुकला असता तुझा.

आणि या सगळ्याच्या वर माझा एकच मुद्दा आहे, तो भाऊजींच्या डोक्यात शिरत नाही. टाकीत जिवंत बुरशी ओतली तर ती साखर आपल्यासाठी कशाला ठेवेल? ती स्वतः खाईल. भूक लागली म्हणून तर एन्झाइम बाहेर सोडते. कारखान्यात बुरशी एकीकडे वाढवतात, एन्झाइम गाळून घेतात, काडीला आधी आम्ल-वाफेने फोडतात, मग दोघांची गाठ घालतात. पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या तणसापासून इथेनॉलचा, म्हणजे याच स्पिरिटचा, कारखाना काढला, १० ऑगस्ट २०२२ ला उद्घाटन झालं. खर्च ९०० कोटींच्या वर. भाऊजींचा आहे पत्र्याचा शेड आणि दोन सिंटेक्सच्या टाक्या.

समजावून पाहिलं नाही असं नाही. दिवाळीनंतर गच्चीवरच्या कुंडीत एका बाजूला कापसाचा बोळा पुरला, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीचा वीतभर तुकडा. त्यांचंच औषध दोन्हीवर. संक्रांतीला भाऊजी तिळगूळ घेऊन आले तेव्हा उकरून दाखवलं. कापूस बोटाने ओढला तर काळपट शेंबडासारखा लिबलिबीत, तारा नाहीतच. पऱ्हाटीची साल तेवढी सुटली होती, आतली काडी मोडली तर कट्टकन आवाज आला. मी विजयी मुद्रेने पाहतोय, आणि भाऊजी म्हणतात, "पाय, कापसाचं कसं पाणी केलं! मोठ्या टाकीत काडीचंही करते."

यावर काय बोलशील सांग. तू वितंडवादात माझ्यापेक्षा पुढे होतास.

तसं भाऊजींचं दुखणंही खोटं नाही. बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं, ठेवायची नाही, पऱ्हाटी उपटून रान मोकळं करायचं. मग तो ढीग धुऱ्यावर. चुलीत किती जाळणार? गॅस आल्यापासून चूलच नाही. पेटवला की मन खातं. बारीक कुट्टी करून, शेणकाला घालून, ओल टिकवून हेच औषध मारलं तर खत होईल, तेही मे महिन्यात ४५ अंशांवर सुकून गेलं नाही तर. मी म्हटलं तसं. तर म्हणाले, "खत माहा बापही करे." एका अर्थी बरोबरच आहे. तीस वर्षं कापूस विकून ज्याच्या हाती काही उरलं नाही, त्याला कोणी सांगितलं की तुझ्या कचऱ्यातच पैसा आहे, तर तो ऐकणारच. मला त्या टायवाल्याचा राग याच्यासाठी येतो.

सही मी करणार नाही. ते ठरलंय. ताई दोन महिने बोलणार नाही, तेही धरून चाललोय. पण भाऊजींनी दुसरा जामीनदार आणला तर? त्यांचा चुलतभाऊ तयारच बसलाय, भैताड.

म्हणून रविवारी अकराला तू व्हिडीओ कॉल कर. तुझ्या नावामागे डॉक्टर आहे, आणि पुण्याहून बोललेलं आमच्याकडे जास्त खरं वाटतं. लिग्निन-बिग्निन काढू नकोस. एवढंच विचार की कंपनीने आजवर एका तरी शेतकऱ्याच्या शेडमधून किती लिटर उचललं, पावती दाखवा.

सईच्या ॲडमिशनचं झालं का? वहिनींचा गुडघा? फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून पाडवा-दसराच करतोय?

तुझा,
विन्या

ता.क. मृगाची संत्री फेब्रुवारीत येतील. पेटी पाठवू का ते आधी कळव. मागच्या वेळी आंबट म्हणून सोसायटीत वाटलीस, हे मला बंड्याकडून कळलं.