शर्टावरचा चीक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या बालविभागात हल्ली मुलांची जी चित्रं छापून येतात, त्यांच्याबद्दल लिहितो आहे. हत्ती असो, मोर असो की गणपती, सगळ्यांवर एकसारखी चकाकी. तिसरीतल्या पोराच्या खडूला अशी चकाकी येत नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती चकाकी चढवायचं काम मी स्वतः दोन वर्षं केलंय.

चोपडा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक २. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची सोय आहे, पण ती सहावी ते आठवीला, तीही पट १००च्या वर असेल तर. त्यामुळे आमच्याकडे गणिताचा मास्तर तोच चित्रकलेचा. इंटरमिजिएटला मला सी ग्रेड मिळाली होती, एवढाच काय तो अधिकार.

कोरोनानंतर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्पर्धांनी कागद मागवणं सोडलं. 'चित्राचा फोटो ग्रुपवर टाका' असा मेसेज येतो. आमच्या वर्गात उजेड कमी, खडूचं चित्र फोटोत मळकट दिसतं. म्हणून स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप घेतलं. आधी नुसता उजेड वाढवायचो, कागद तिरका आला तर सरळ करायचो. इथवर काही बिघडत नाही. समोर जे आहे ते फोटोत यावं, एवढीच धडपड. मग फिल्टर आले. मग प्रिझ्मा. २०१६ साली ते आलं तेव्हा सगळ्यांनी आपापले चेहरे त्यात घालून पाहिले होते, तेच. आकार तुमच्या चित्रातला ठेवायचा आणि ब्रशचे फटकारे दुसऱ्याच कुठल्या चित्राच्या धर्तीचे चढवायचे, असं त्याचं काम. आमच्या पोरांचे पोळ्याचे बैल एका टिचकीत तैलचित्रं झाले! लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर ते लावले, पालक खूश, मीही खूश.

मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने केळीची कापणी काढली. तिचे वडील कापणीच्या टोळीत जातात. चित्रात ट्रक, खांद्यावर घड घेतलेली माणसं, आणि ट्रकपेक्षाही मोठा एक माणूस. तो अर्थात बाप. त्याच्या पांढऱ्या शर्टावर चॉकलेटी खडूचे नऊ-दहा ठिपके होते. मला वाटलं, हात लागून खडू पसरला असेल. स्नॅपसीडमध्ये 'हीलिंग' म्हणून एक सोय आहे. डागावर बोट फिरवलं की आजूबाजूचा रंग उचलून तिथे भरला जातो. दोन मिनिटांत शर्ट पांढराशुभ्र. आभाळालाही जरा निळा जोर दिला आणि फोटो पाठवून दिला. तालुक्यातल्या स्पर्धेत दुसरं बक्षीस आलं.

वर्गात टीव्हीवर चित्र लावलं, टाळ्या झाल्या. ती उठून पार स्क्रीनजवळ गेली, बापाच्या शर्टावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, चीक कथा गया?" म्हणजे, चीक कुठे गेला?

केळीचा चीक ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. ताजा असतो तोवर पाण्यासारखा. कपड्यावर वाळला की तपकिरी, काळपट, आणि मग कोणत्याच साबणाला दाद देत नाही. म्हणून कापणीचे कपडे वेगळेच ठेवतात. नंतर मी मूळ कागद काढून पाहिला. बहुतेक ठिपके उजव्या खांद्यावर होते, जिथे घड टेकतो. दोन खाली पोटावर ओघळलेले. डाव्या बाजूला एकही नाही. पोरीने रोज संध्याकाळी तो शर्ट पाहिलाय. मी बारा वर्षं केळीच्या गावात नोकरी करतो आणि मला ती घाण वाटली.

संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन तिच्या घरी गेलो. वडिलांनी मोबाईलमध्ये चित्र पाहिलं, हसले. "सर, आसा कोरा शर्ट ते मना लगनमा बी नही व्हता."

ॲपवर माझा राग नाही. माझं बालपण चाळीसगावचं. तिथे छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आज संग्रहालय आहे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, दिव्याचा उजेड हवा तसा टाकायचा आणि फोटोत भलतंच विश्व उभं करायचं, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. १९८९ साली ते गेले, तेव्हा मोबाईल कुठला? पाहणाऱ्याचे डोळे तेही चकवत होते. पण वस्तू त्यांनी मांडलेली, दिवा त्यांनी धरलेला.

आता शनिवारी माझा मोबाईल पोरांच्या हातात असतो. आधी कागदावर चित्र पुरं करायचं, फोटो काढायचा, मग हवा तेवढा धिंगाणा. माझं बोट स्क्रीनला लागू द्यायचं नाही, हा नियम पोरांनीच केलाय. एकाने केळीचा घड जांभळा केला आणि ती चंद्रावरची केळी आहेत म्हणाला. एकाने काढलेल्या झोपडीच्या दारात आपल्या कुत्र्याचा फोटो बसवला, कुत्रा झोपडीहून मोठा. आणि त्या मुलीने तेच हीलिंग घेऊन ट्रकच्या ड्रायव्हरला पुसून टाकलं. का, तर तो लई ओरडतो. चीक मात्र जिथल्या तिथे.

स्पर्धा घेणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. केंद्रावर कागद जमा करून घ्या, पूर्वी घेत होताच. ते जमत नसेल तर निदान कशालाही हात न लावलेला फोटो सोबत मागा. २०२५च्या मार्चमध्ये घिबली या जपानी कार्टून स्टुडिओच्या धर्तीची चित्रं एआयकडून करून घ्यायची लाट आली तेव्हा घरोघरी पाहिलं आपण, एक ओळ टाइप केली की फोटोचं चित्र होतं. तसलं चित्र आणि खडू झिजवलेलं चित्र एकाच रांगेत लावून परीक्षक कसले गुण देणार? आणि आपल्या बालविभागात ॲपने बदललेलं चित्र छापायचं तर जरूर छापा, खाली तसं लिहा. आम्हा मास्तरांनाही तेवढा धाक राहील. ते दुसरं बक्षीस परत घ्या म्हणून मी आयोजकांना कळवलं होतं, अजून उत्तर नाही. प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे.

सोबत त्या मुलीचं मूळ चित्र टपालाने पाठवतो आहे. छापलंत तर शर्टाला हात लावू नका. आणि कागद परत पाठवा, ती रोज विचारते.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव