सासूला बाहेर बसव आणि तूच विचार

अरे बाळा,

काल फोनवर म्हणालास की राधानगरीत तुझ्या ओपीडीत बायका बीपी, शुगर, गुडघे एवढंच सांगतात, दुसरं काय नसतंच. असं कसं असेल? तू तरणा पोरगा, शेजारी सासू बसलेली, तिथं ती अंगावरून जातंय म्हणून सांगणार काय? इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी बाई असून मलासुद्धा चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेल्यावर मागं वळून सांगतात, तेही "उष्णता झालीय जरा" म्हणून.

म्हणून सिस्टरला आत बोलव, सासूला बाहेर बसव आणि तूच विचार, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत लाल गेलं काय, संबंधानंतर रक्त येतं काय. पाळी गेल्यावर एकदाच डाग लागला असला तरी सोडू नको, अशा दहा जणींत साधारण एकीला पिशवीचा म्हणजे गर्भाशयाचा कॅन्सर निघतो आणि ती कुठली हे तोंड बघून कळत नाही, सोनोग्राफी आणि गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला लागतोच. आत न तपासता रक्त थांबायच्या गोळ्या देणाऱ्यांचा मला लई राग येतो.

पिशवीच्या तोंडाचं त्यामानानं सोपं आहे, कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून तिशीनंतरच्या बाईचं अॅसिटिक अॅसिड लावून एक मिनिट थांबून बघायचं, पांढरा डाग उठला की पुढं पाठवायचं. पन्नाशीनंतर मात्र ते नीट दिसत नाही, तिथं एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची टेस्टच बरी. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांतला अभ्यास 2009 ला छापून आला बघ, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

ओव्हरीच्या, म्हणजे बीजांडकोशाच्या कॅन्सरला असली टेस्टच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या जणींची सीए-125 ही रक्ताची टेस्ट नाहीतर सोनोग्राफी करून बघितली, 2021 ला निकाल आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. म्हणून सरसकट सीए-125 लिहीत बसू नको, पण पन्नाशीच्या पुढं नव्यानं पोट फुगायला लागलं, दोन घासांत पोट भरतंय, सारखं लघवीला जावं लागतंय असं कोण म्हणालं तर गॅसची गोळी देऊन मोकळा होऊ नको, तिथं दोन्ही करून घे. "माझी पिशवी काढलीय" म्हणाली तरी विचार, ओव्हरी ठेवल्यात का.

आणि इथल्या सीपीआर हॉस्पिटलची चिठ्ठी दिलीस की तिचा नंबर वहीत लिहून ठेव, आठवड्यानं सिस्टरला फोन करायला लाव, भातकापणी चालू असली की बायका काय जात नाहीत.

आई