फुलं जातात, पानं राहतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बागेच्या कडेच्या वाफ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. यादी छान, पण सगळी फुलांचीच! माझाही पहिला वाफा असाच होता: झेंडू, झिनिया, कॉसमॉस. दोनेक महिने डोळे निवले, मग नुसत्या वाळक्या काड्या. नात म्हणाली, "आजोबा, हे कधी उपटायचं?"

आता मी आधी पानं निवडतो. सावलीच्या टोकाला किरमिजी कोलियस, उन्हात चंदेरी डस्टी मिलर, मागे जांभळट फाउंटन ग्रास. वारा सुटला की सगळा वाफा जिवंत होतो तो या गवतामुळे. कोलियसला तुरा दिसला की लगेच खुडतो, नाहीतर झाड विरळ होतं. झेंडू-झिनियाची सुकली फुलंही काढतो. बी धरण्यात ताकद गेली नाही की नव्या कळ्या येतात.

आणि एकेक रोप शिंपडल्यासारखं लावू नये. इंग्लंडच्या नामवंत उद्यान-रचनाकार गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) रोपं लांबट, निमुळत्या पट्ट्यांत लावत. एका पट्ट्याचा बहर ओसरला तरी शेजारचे तो झाकून घेतात. गॉम्फ्रेना मात्र लेखात हवीच होती! तिचा रंग कागदी सहपत्रांचा, म्हणजे फुलाला लागून असलेल्या पानांसारख्या भागांचा, त्यामुळे महिनोन्महिने टिकतो.

आपला,
एक निवृत्त वाचक