गणवेशाची उलटी बाजूही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू होताना गणवेशावर चर्चा झडते ती रंगावर, दरावर आणि तो वेळेत मिळाला की नाही यावर. शिवण कशी घातलीय हे कोणी विचारत नाही. मी कराडला घरीच शिलाई आणि अल्टरची कामं करते. जून सरला की नवेकोरे गणवेश दुरुस्तीला येऊ लागतात. कुणाचं आसनात उसवलेलं, कुणाचं बगलेत.

उलटं केलं की कारण दिसतं. साधी टीप मारलेलीच नसते. दोन्ही पदर एकत्र धरून थेट तीन दोऱ्यांचं इंटरलॉक फिरवलेलं. आता इंटरलॉकचं काम कडेचे धागे सुटू नयेत एवढंच. जोड धरायची ती टिपेने. पोर उकिडवं बसलं की जोड फाकतो. त्यात ते मशीन शिवता शिवता कड कापत जातं, आत पाव इंचही कापड उरत नाही. ‘ताई, दिवाळीपर्यंत जरा ढिलं करून द्या’ म्हणणाऱ्या आईला मी उसवून सोडू तरी काय?

पँटच्या मागच्या शिवणीला कमरेशी दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, ठेवून ती खाली निमुळती करत न्यायची, दोन्ही कडा वेगवेगळ्या इंटरलॉक करायच्या, आसनाच्या वळणावर टिपेवरच दुसरी टीप घ्यायची, हे कुठलाही टेलरमास्तर जाणतो. शिवणाऱ्या बायकांनाही येतं, त्यांना मी बोल लावणार नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे दोन गणवेशांना ६०० रुपये. त्यातच कापड, बटणं, शिलाई. नगावर मजुरी असली की जास्तीची टीप म्हणजे फुकटची टीप.

२०२५-२६पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं आहे आणि समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. त्यांनी ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं: आधी टीप, मग इंटरलॉक, इंचाला १० ते १२ टाके, बाजूला निदान एक इंच आणि मागच्या शिवणीला कमरेशी दीड इंच माया, खालची दुमड दोन इंच. नमुना आला की उलटा करून जोड दोन्ही हातांनी ताणावा. फटीतून दोरे दिसले तर सरळ परत पाठवावा. कापड थोडं जास्त लागेल, शिलाईही वाढेल. ती वाढ शिवणाऱ्या बाईच्या हातात पडेल एवढं मात्र बघावं.

कळावे,
शिवणकाम करणारी एक वाचक, कराड