पक्षाघात, ऑक्सिजन आणि ९४ चा आकडा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पक्षाघात (ब्रेन स्ट्रोक) टाळण्यासाठी विकला जाणारा आणि पक्षाघातात सवयीने लावला जाणारा ऑक्सिजन

महोदय,

‘पॅरालिसिस येण्याआधीच मेंदूला ऑक्सिजनचे कवच द्या’ अशा धाटणीच्या जाहिराती सध्या मोबाइलवर फिरत आहेत. दाबाच्या पेटीत, म्हणजे हायपरबेरिक चेंबरमध्ये, ठरावीक बैठका घ्यायच्या आणि निर्धास्त व्हायचे. बीपी-शुगरच्या गोळ्या खाणाऱ्या ठाणेकर-नवी मुंबईकरांना हे पटते, कारण त्यामागे थोडे खरे विज्ञान आहे. ते नेमके किती, हे आधी सांगतो.

प्रयोगशाळेत उंदरांना दोन-अडीच पट वातावरणीय दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन रोज तासभर, असे काही दिवस देतात. मग एक बारीक धागा सरकवून मेंदूची मोठी धमनी बंद करतात. ज्यांना आधी ऑक्सिजन मिळाला, त्यांच्या मेंदूचा मेलेला भाग लहान निघतो. गंमत अशी, की उलटे केले तरी तेच घडते. दोन आठवड्यांत नऊ वेळा कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवलेल्या उंदरांमध्येही नुकसान कमी झाले आणि ते संरक्षण आठ आठवडे टिकले. म्हणजे वाचवतो तो ऑक्सिजनचा साठा नव्हेच. पेशींना बसलेला छोटा धक्का त्यांच्यातली संरक्षक एन्झाइम्स आधीच जागी करतो.

गच्चीवरच्या टाकीत पाणी भरून ठेवावे तसा ऑक्सिजन शरीरात भरून ठेवता येत नाही. साध्या हवेत १०० मिली रक्तात विरघळलेला ऑक्सिजन असतो ०.३ मिली. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला, की तो सहा मिलीच्या आसपास जातो; पडून असलेल्या माणसाची गरज हिमोग्लोबिनला हात न लावता भागेल, इतका. पण पेटीबाहेर आल्यावर थोड्याच वेळात आकडा पूर्ववत.

शिवाय उंदराची धमनी कधी बंद होणार, हे संशोधकाला ठाऊक असते. कोपरखैरणेतल्या साठीच्या गृहस्थांची कधी बंद होईल, हे कोण सांगणार? म्हणून या पूर्वोपचाराला अर्थ असलाच, तर इजेची तारीख कॅलेंडरवर असते तिथे : बायपास, मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया. बायपासआधी असे छोटे अभ्यास झालेही आहेत. शासनाला संशोधनावर खर्च करायचा असेल तर तिथे करावा, रीतसर चाचणी नोंदवून. पैसे घेऊन बैठका विकणे याला संशोधन म्हणत नाहीत.

जाहिरातींबाबत शासनाचे हात बांधलेले नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात पक्षाघाताचे नाव आहे, आणि ज्या रोगांची नावे तिथे आहेत ते बरे करण्याची किंवा टाळण्याची औषधी जाहिरात करायला मनाई आहे. वैद्यकीय ऑक्सिजन हे औषधच आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने एवढाच धागा धरला तरी पुष्कळ होईल.

गैरसमज नको. गॅस गँग्रीन, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, पाणबुड्यांचा दाबविकार, मधुमेहींच्या पायाच्या काही जखमा यांत चेंबर उपयोगी आहे. पक्षाघात त्या मान्य यादीत नाही. कापडी फुगवत्या पिशव्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांत दाब जेमतेम १.३ पट; वर सांगितलेले उंदरांचे आकडे त्यांना लागूच होत नाहीत. एका रुग्णापुरती असलेली एकेरी पेटी शुद्ध ऑक्सिजनने भरतात, त्यामुळे ठिणगी पडली तर बाहेर काढायला वेळ मिळत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये अशा पेटीला आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. रुग्णाच्या मनगटाला अर्थिंगचा पट्टा, अंगात निव्वळ सुती कपडे, केसांना तेल नाही, मोबाइल आणि श्रवणयंत्र बाहेर, दाब देण्याआधी छातीचा एक्स-रे (फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर पेटी जीव घेते) आणि मधुमेहींची शुगर : परवाना तपासणीत या सहा गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात, कागदावर नव्हे.

आता आमच्या मुख्य मागणीकडे. झटका आल्यावर १०८ च्या गाडीत किंवा कॅज्युअल्टीत पहिले वाक्य असते : ‘ऑक्सिजन लावा.’ ब्रिटनमधल्या ८,००३ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) सरसकट मिनिटाला २-३ लिटर ऑक्सिजन देऊन काहीही फायदा दिसला नाही. ज्याचे रक्त आधीच ऑक्सिजनने भरलेले आहे, त्याला जादा ऑक्सिजन दिला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. मास्कखाली जीभ अडखळते का, तोंड वाकडे आहे का, हेही दिसत नाही. मोठी धमनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मास्क आणि सिलिंडरची चावी शोधण्यात पाच मिनिटे गेली तर ९५ लाख.

म्हणून गाडीत चिकटवायला एक पान हवे. ऑक्सिमीटर ज्या हाताला बीपीचा पट्टा नाही त्या हाताला लावा. पट्टा फुगला, की त्याच हातावरचा आकडा कोसळतो. नेलपॉलिश पुसा, गडद मेंदी असेल तर दुसरे बोट किंवा कानाची पाळी, थंड बोटे चोळून गरम करा, ऑक्सिमीटरच्या पडद्यावरची नाडीची लाट स्थिर झाल्यावरच आकडा लिहा. रक्तातल्या ऑक्सिजनचा हा आकडा ९४ टक्के किंवा वर असेल, तर ऑक्सिजन नको. खाली असेल, तर आधी कुशीवर वळवा, तोंडातली लाळ ओढून घ्या, कारण बरेचदा जीभच मागे पडलेली असते. मग नाकातल्या नळीने दोन लिटरपासून सुरुवात. जुना दमेकरी धूम्रपानी असेल, तर ८८ ते ९२ पुरे. रिझर्व्हायरची पिशवी असलेला मास्क लागलाच तर दहा लिटरच्या खाली लावू नये. पिशवी चपटी होते आणि रुग्ण आपलाच उच्छ्वास पुन्हा ओढतो.

याला एक अपवाद पुढे येतो आहे. चीनमधल्या चाचणीत (२०२५ मध्ये प्रकाशित) मोठी धमनी बंद झालेल्या आणि कॅथेटरने (धमनीत सरकवलेल्या बारीक नळीने) रक्ताची गाठ काढायला निघालेल्या रुग्णांना मिनिटाला दहा लिटर, चार तास ऑक्सिजन दिल्यावर नव्वद दिवसांनी ते जास्त सावरलेले दिसले. तो रुग्णालयातला उपचार आहे, निवडक रुग्णांचा. हिशेब बघा : दहा लिटरने चार तास म्हणजे २,४०० लिटर. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर असतात. अडीच तासांत संपला. दोन लिटरने तोच साडेबारा तास पुरतो. घोडबंदर रोडवर अडकलेल्या गाडीत हा फरक जिवाचा असतो, पक्षाघाताच्या रुग्णाचा नसला तरी पुढच्या खेपेच्या रुग्णाचा.

गाडीच्या त्याच पानावर आणखी तीन रकाने असावेत. माणूस ठणठणीत शेवटचा कधी दिसला ती वेळ (‘सकाळी उठला तेव्हा’ नव्हे, ‘रात्री झोपला तेव्हा’). ग्लुकोमीटरची शुगर, कारण शुगर उतरली तरी हातपाय लुळे पडतात. आणि वाटेतूनच फोन : सीटी स्कॅन सुरू आहे का, तंत्रज्ञ हजर आहे का. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तास आहे. कळव्याच्या रुग्णालयात पोहोचून ‘मशीन बंद’ ऐकण्यापेक्षा अलीकडच्या विटाव्यातूनच गाडी वळवलेली बरी. तोवर तोंडाने काही देऊ नये, पाणीही नाही, आणि अॅस्पिरिन सीटीआधी मुळीच नाही.

शेवटची मागणी अगदी किरकोळ वाटेल. प्रत्येक सिलिंडरची चावी साखळीने त्याच सिलिंडरला बांधलेली असावी, प्रत्येक पाळीला प्रेशर गेजचा आकडा वहीत लिहावा, आणि रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस कोणीही लावू नये.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील आपत्कालीन सेवा, मेंदूविकार व भूलशास्त्र या विषयांत काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ