सुई टोचली, वर खाडा

महोदय,

'नव्या परिचारिका टिकत नाहीत' ही कालच्या अंकातली बातमी दोनदा वाचली. एकदा चहाबरोबर, एकदा चहा गार झाल्यावर. कुणी रुग्णालयचालक म्हणतात, आजकालच्या मुलींना संयम नाही आणि सुरक्षिततेचं भानही नाही. छान! तुमच्या वार्ताहरांना तीन चालक भेटले, नोकरी सोडलेली एक मुलगी काही भेटली नाही.

माझ्या घरात अशी एक 'संयम नसलेली' आहे. जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सची तीन वर्षं केली, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आणि इथल्याच एका खासगी रुग्णालयात लागली. पहिल्याच दिवशी मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेतली. पगार नऊ हजार. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीनं ५० खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला किमान २० हजार द्यावेत असं सुचवलं होतं, हे मुलीनंच सांगितलं. म्हटलं, तिथं बोलू नकोस, हसतील.

चौथ्या महिन्यातली नाइट. सव्वीस पेशंट, दोन मुली, दोघीही नव्या. पहाटे तीनच्या सुमारास ट्रेमध्ये कापसाखाली कुणीतरी तशीच टाकलेली सुई हिच्या बोटात गेली. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायच्या, असा जैववैद्यकीय कचऱ्याचा नियमच आहे. डबा होता की! तोंडापर्यंत भरलेला. हिनं बोट धुतलं, इनचार्जना फोन केला. उत्तर आलं, "रजिस्टरला लिहू नकोस, तुझ्याच अंगावर येईल. सकाळी बघू."

एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जितक्या लवकर घ्याव्यात तितक्या बऱ्या, ७२ तासांनंतर उपयोग नाही, हे कॉलेजात घोकून घेतलेलं. हेपटायटिस बीची लसही त्याच कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रुग्णालयानं द्यायची. हिचे तीनपैकी दोन डोस झाले होते, तेही माझ्या खिशातून. साडेपाचला फोन आला, "पप्पा, गाडी घेऊन या." मी सहाला गेटवर. ती आली आठला, कारण ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट समजावून सोपवल्याशिवाय, वॉर्ड सोडायचा नसतो. सुरक्षिततेचं भान नाही म्हणे! तसंच स्कूटरवर बसवून सिव्हिलला नेलं.

गोळ्यांनी दिवसभर उलट्या. त्या रात्री ड्युटीवर गेली नाही, तर खाडा मांडला.

मी २९ वर्षं एसटी चालवली. स्टिअरिंगला जरा ओढ वाटली तरी लॉगशीटवर लिहायचो. मेकॅनिक तोंड वाकडं करायचा, पण 'लिहू नकोस' असं मला कधी कुणी म्हटलं नाही. हिनं रजिस्टरला लिहिलंच, आणि पुढचे तीन आठवडे सलग नाइट लागल्या. मग राजीनामा. सर्टिफिकेटं परत मिळायला दीड महिना हेलपाटे घातले, तेही मीच. त्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर 'सुरक्षा हीच आमची संस्कृती' असं लॅमिनेट करून लावलंय. हेलपाटे घालताना पाठ झालं.

आता ती जर्मनच्या क्लासला जाते. महाराष्ट्र सरकारनंच २०२४ मध्ये तिकडच्या एका राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय. स्वयंपाक करता करता आई तिचे शब्द घेते. तुमचे रुग्णालयचालक तेव्हाही म्हणतील, मुली टिकत नाहीत.

जाता जाता, बातमीसोबतचा फोटो. पांढरी टोपी घालून हसणारी ती गोरी बाई कोण? सांगली-मिरजेत एवढी रुग्णालयं असून एक नर्स फोटोला मिळाली नाही? आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलच्या माझ्या मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद तुम्ही कापलात, मुद्दा त्यातच होता. हेही लांबलंय, कल्पना आहे. कापायचंच झालं तर एसटीचं कापा. खाड्याचं राहू द्या.

– एक निवृत्त एसटी चालक, सांगली
(मुलीचं अनुभवाचं प्रमाणपत्र अजून त्या रुग्णालयाकडून यायचंय, म्हणून नाव छापू नये.)