एक जून, एक जानेवारी

फ्रेमाँट, कॅलिफोर्निया
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई व अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलात का" विचारते आणि अण्णा फोन दादाच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहितेय. दादाला बजावलंय की मोबाइलवरून वाचून दाखवू नकोस, प्रिंट काढून हातात दे. सावकाश वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

मी बी.ए. पुरं करायचं ठरवलंय. ठरवलंय कसलं, ऑगस्टपासून सुरूही केलंय. सांगितलं नाही, कारण जमेल की नाही याची माझी मलाच खात्री नव्हती. आता पहिली परीक्षा झाली, बरे मार्क पडले, तेव्हा धीर आला.

इथे घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर कम्युनिटी कॉलेज आहे. बालवाडीतल्या नोकरीसाठी बालशिक्षणाचे चार कोर्स मी तिथेच केले होते. नाना काकांचा मुलगा "म्हणजे आपलं आयटीआयच की" म्हणाला, ते माझ्या कानावर आलंय. निम्मं खरं आहे त्याचं. तिथे वेल्डिंग शिकवतात, नर्सिंग शिकवतात, आणि त्याच आवारात तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्रही शिकवतात. प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. माझ्या वर्गात एक आजोबा आहेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि शेजारच्या बाकावर अठरा वर्षांचा पोरगा. एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत. 1960 साली या राज्याने उच्चशिक्षणाचा एक आराखडाच केला: वरच्या गुणांची मुलं थेट विद्यापीठात, आणि बाकी ज्याला कुणाला शिकायचंय त्याला ही कॉलेजं उघडी. इथे पहिली दोन वर्षं करायची आणि मग विद्यापीठात बदली घेऊन पुढची दोन. डिग्री विद्यापीठाचीच मिळते. सुरुवात कुठे केली ते त्या कागदावर लिहीत नाहीत.

विषय घेतलाय ग्लोबल स्टडीज. मराठीत "जागतिक अभ्यास" म्हटलं तर कुणाला काही कळत नाही आणि इंग्रजीत म्हटलं तरी तेच. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याचा उपयोग काय?" मैत्रिणी म्हणाल्या, एवढं करतेच आहेस तर कॉम्प्युटरचं काहीतरी कर. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, बालशिक्षणच पुरं कर, पगार वाढेल. सगळ्यांचं बरोबर आहे. तरी मी हेच का घेतलं, ते सांगते.

आमच्या बालवाडीत काबूलहून आलेली बरीच मुलं आहेत. फ्रेमाँटमध्ये अफगाणी वस्ती जुनी, चाळीसएक वर्षांची, आणि 2021 नंतर आणखी कुटुंबं आली. मागच्या वर्षी प्रवेशाचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे आणि अजून एका बाईंकडे होतं. त्यांनी तीन फॉर्म माझ्यापुढे सरकवले. तिन्ही मुलांच्या वडिलांची जन्मतारीख एक जानेवारी. साल वेगवेगळं, तारीख तीच. त्या हळूच म्हणाल्या, "हे कागद खोटे असणार."

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जूनला असतो. माझ्या दोन्ही काकांचाही."

त्या बघतच राहिल्या. मग मी सांगितलं, की आजीला विचारलं तर ती म्हणायची, "बेंदराच्या आदल्या दिवशी झाला, पाऊस लागून राहिला होता." शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांना तारीख हवी होती. बेंदूर रजिस्टरात कसा लिहिणार? शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बसलं पाहिजे, लिहा एक जून. आमच्या गावात त्या दिवशी अर्ध्या पिढीचा वाढदिवस असतो. या लोकांचं तसंच. त्यांचं वर्ष नौरोजला, मार्चच्या 20-21 तारखेला सुरू होतं. कित्येकांना जन्माचं साल माहीत असतं, दिवस कुणी लिहून ठेवलेला नसतो. पण व्हिसाच्या फॉर्मला दिवस लागतोच. मग एक जानेवारी.

ते तिन्ही फॉर्म पास झाले. त्यातल्या एका मुलीची आई आता माझ्याशी रोज बोलते. हळदीला ती "जर्दचोबा" म्हणते. मी तिला सांगितलं, माझ्या वडिलांचा जन्म जर्दचोब्यात गेला. ती हसत सुटली.

अण्णा, त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना डोक्यात एकच घोळत होतं. मला हे समजलं ते मी हुशार म्हणून नव्हे, सांगलीची म्हणून. आणि त्या बाईंना समजलं नाही ते त्या वाईट म्हणून नव्हे, त्या फार चांगल्या आहेत. पण नुसतं सांगलीचं असून तरी किती पुरणार? काबूल सोडून ही माणसं आधी कुठे गेली, कुणाच्या सहीने इथे आली, एका भावाला व्हिसा मिळतो आणि दुसऱ्याला का नाही, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ग्लोबल स्टडीज म्हणजे साधारण हेच. देशांच्या सीमा ओलांडून माणसं, माल, पैसा, रोग, कायदे कसे हिंडतात, त्याचा अभ्यास. पुढेमागे निर्वासितांना वसवणाऱ्या एखाद्या संस्थेत काम मिळालं तर करायचंय. नाही मिळालं तर बालवाडी आहेच.

आणि हळदीचं ऐका. आठव्या आठवड्यात पेटंटचा विषय निघाला आणि मॅडमनी पडद्यावर हळकुंडाचा फोटो लावला! 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं, मिसिसिपीच्या दोन संशोधकांना. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी संशोधन परिषदेने, तेव्हा माशेलकर तिथे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस दाखले पुढे ठेवले, त्यात 1953 सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. तुम्ही पेपर वाचून म्हणाला होतात, "आता बोटाला हळद लावायची तरी पावती फाडायची का?" मी हे वर्गात इंग्रजीत सांगितलं. पावती फाडणं काही नीट इंग्रजीत येईना, पण टपालवाले आजोबा मोठ्याने हसले. मग सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल सांगितलं. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, वरून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं किडत नाही. मॅडमनी मला त्यावरच सत्राचा निबंध लिहायला सांगितलाय. तेव्हा अण्णा, पुढच्या रविवारी फोनवर बसायचं. पेवात उतरण्याआधी कंदील का सोडायचे, तोंड कशाने लिंपायचे, सगळं मला तुमच्या तोंडून हवंय.

पेवांचा विषय निघालाच आहे तर एक लिहून टाकते. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, मालकांचा माल गेला, तुमचा पगार थांबला. मी तेव्हा नुकतीच टी.वाय.ला गेले होते. दिवाळीनंतर स्थळ आलं, डिसेंबरात लग्न झालं. कुणी जबरदस्ती केली नाही, मीच हो म्हटलं. पण "टी.वाय.चं काय करायचं?" हेही कुणी विचारलं नाही. मीही नाही. वीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहितेय. पुन्हा लिहिणार नाही, आणि आई, तू यावर फोन करून रडायचं नाहीस.

आता पैशांचं. इथे अभ्यास युनिटमध्ये मोजतात, आणि रहिवाशांना फी एका युनिटला 46 डॉलर. एक कोर्स तीन युनिटचा, म्हणजे 138 डॉलर, आपले साधारण बारा हजार रुपये. इथल्या पहिल्या दोन वर्षांना एकूण साठ युनिट लागतात. बालशिक्षणाचे बारा आणि हे तीन धरले तर 45 उरतात. सत्राला दोन कोर्स आणि उन्हाळ्यात एक, असं गेलं तर डिसेंबर 2028. म्हणजे एकूण दोन लाखांच्या आतबाहेर, तेही माझ्या पगारातून. "उपयोग काय" विचारणाऱ्या ह्यांनीच एक्सेलची शीट करून दिलीय, रंगीत. त्या पुढची दोन वर्षं सॅन होजे स्टेटमध्ये करायचा विचार आहे, रोज जाऊन येता येईल म्हणून. तिथली फी कितीतरी पट आहे, ते तेव्हा बघू. कम्युनिटी कॉलेजची ही दोन वर्षांची बदलीची डिग्री घेतली की सॅन होजे स्टेट ज्या राज्य विद्यापीठाचा भाग आहे, त्याच्या कुठल्या ना कुठल्या शाखेत जागा द्यावीच लागते, 2010 सालचा कायदा आहे तसा. फक्त कुठल्या गावी देतील याची हमी नाही. उद्या चारशे मैलांवर जागा दिली तर मी काही घर सोडून जाणार नाही, हे आईने लक्षात ठेवावं.

बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ वर्ग असतो. त्या दिवशी हे खिचडी करतात. आई, मीठ कमी असतं, पण खिचडी असते. बाकीचा अभ्यास रात्री जेवणाच्या टेबलावर. तीन युनिटच्या कोर्सला आठवड्याचे नऊ तास जातात असं इथे म्हणतात, माझे बारा जातात. वाचायला वेळ लागतो. समोर चिरंजीव बसलेले असतात. तोही अकरावीत असताना याच कॉलेजचा एक कोर्स करतोय. शाळेमार्फत म्हणून त्याला फी माफ, आईला मात्र नाही! माझे निबंध तपासून देतो आणि लाल शाई वापरतो.

आता काम.

शिवाजी विद्यापीठाच्या एफ.वाय. आणि एस.वाय.च्या मार्कशीट हव्यात. त्यावरून माझे आणखी काही युनिट धरतात का, ते इथली एक संस्था तपासते. त्यांना विद्यापीठाकडून बंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा लागतो. त्यासाठी दादाला कोल्हापूरला जावं लागेल. मी सही केलेलं अधिकारपत्र त्याला कुरिअर केलंय.

दुसरा कागद आपल्या हायस्कूलचा. हा ऐकून अण्णा खूश होतील. मी पुढे बर्कलीसारख्या विद्यापीठाचा विचार केला, तर तिथे काही अभ्यासक्रमांना इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा दाखवावी लागते. इथली मुलं त्यासाठी स्पॅनिश शिकतात. समुपदेशक बाईंनी विचारलं, तुमची शाळा कुठल्या माध्यमाची? मी जरा खाली बघूनच म्हटलं, मराठी. त्यांनी नियमाचा कागद काढला. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी नसलेल्या माध्यमात शिकलं असेल, तर बदलीच्या नियमांत ती भाषा धरायची तरतूद आहे. मी पाच वर्षं शिकलेय. आई, तू किती वर्षं म्हणत होतीस, पोरीला इंग्रजी शाळेत घालायला हवं होतं म्हणून.

तर हेडमास्तरांकडून बोनाफाईड आणायचं, इंग्रजीत, शाळेच्या लेटरहेडवर. मी सहावी ते दहावी तिथे होते आणि माध्यम मराठी होतं, एवढं लिहिलं की पुरे. सही, गोल शिक्का, तारीख. आणि तारीख आजची घालायला सांगा, एक जून नको.

मार्कशीट माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत आहेत, आईच्या जुन्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पुरात भिजल्या होत्या, कडा पिवळ्या झाल्यात, पण अक्षर वाचता येतं. अण्णा, तुम्ही माळ्यावर चढू नका. दादाला चढवा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी त्या लॅमिनेट करायच्या नाहीत.

तुमची,
सुमा